सरकी

पाण्याच्या टाकीखाली गाडी उभी केली.
जनरेटर धडधडला तसे टाकीवरचे पारवे उडाले.
आत यंत्र, स्टूल, हिरवा पडदा, आणि मी.

अंगणवाडीत नावं लिहिणं चाललंय.
वय. लेकरं किती. पहिलं कितव्या वर्षी. अंगावर किती दिवस पाजलं.
"थोरला मोवाडच्या पुराच्या सालचा.
त्याच्या आंधी एक पोरगी होती, थे गेली.
थे लिहिता का?"
पेन थांबतो. तसा रकाना नाही.

पाटी थंड असते. मी म्हणते, श्वास धरा.
पंचफुला म्हणते, "पोयीवानी लाटतं का व थे?"
हसते, आणि मग घट्ट डोळे मिटते.

म्हाताऱ्या बाईचं चित्र काळं येतं,
नांगरून ठेवलेल्या रानासारखं.
चुनखडीचा खडा असला तर लांबून दिसतो.
तरणीचं पांढरं.
पांढऱ्यात पांढरं शोधायचं असतं.
नागपूरचे डॉक्टर त्याला घनता म्हणतात,
तिच्या चार पायऱ्या करतात.
मला आपला फुटलेला कापूस दिसतो
आणि आत कुठेतरी, असली तर, सरकी.

आमचा अर्धा अभ्यास यंत्राचा, अर्धा बोटांचा.
रबराच्या छातीत पाच गाठी पुरलेल्या,
चाचपून सांगायच्या.
नर्सताईंना तीन सापडल्या.
येनूबाईला, जी दिवसाला चाळीस किलो वेचते,
पाचही.
वर म्हणाली, "अजून एक हाये. खाली. बारकी."
रबर उलटं करून पाहिलं,
साच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा.
फॉर्मवर पाचच लिहिता आले.

चिठ्ठ्या मी काढल्या होत्या.
स्टीलच्या डब्यात चोवीस गावं.
बारांना गाडी यंदा,
बारांना नुसती माहितीपत्रकं, गाडी तीन वर्षांनी.
तुलना झाल्याशिवाय कळणार कसं
गाडीने जीव वाचतो की नुसता घोर लागतो?
हे मला पटतं.
पटलं म्हणूनच डब्यात हात घातला.
माझं माहेर दुसऱ्या ढिगात गेलं.

आज सतरावी बाई आली.
नाव सुलोचना झाडे, वय एकूणपन्नास.
आधार कार्ड तिच्या बहिणीचं.
हनुवटीवर तीन हिरवे ठिपके, मधला जरा खाली सरकलेला.
ते गोंदण मी ओळखते.
शाळेच्या वाटेवर याच बाईने
माझ्या फ्रॉकच्या ओच्यात बोरं टाकली होती,
नदीपलीकडच्या गावात.
गिरजामावशी.
तिनेही ओळखलं.
जनरेटर चालू होता, त्यामुळे गप्प बसणं सोपं गेलं.

"हात वर करा," मी म्हटलं.
तिने हात वर नाही केला.
माझीच बोटं धरून डाव्या काखेपाशी नेली.
"इथं. वेचाची झोली बांधली का लागते."
केव्हापासून?
"पोयापासून."
आता दिवाळी सरून गेली आहे.

माझी बोटं वेचणीची नाहीत.
तरी लागलं.

गाठ हाताला लागलेल्या बाईसाठी डबा नसतो,
हे नियमातच आहे, पान सहा.
तिला सरळ दवाखाना.
मी दुसरी चिठ्ठी लिहिली, वर्ध्याच्या नावाने,
आणि वर तिचं खरं नाव घातलं.
तिने कागद उलटा धरून पाहिला,
पोलक्यात खोचला, पुन्हा काढला,
यावेळी उजव्या बाजूला खोचला.

दारात थांबून म्हणाली,
"आमच्या गावात अशा आणखी असतीन न वं."
मी म्हटलं, पत्रक वाचून दाखवत जा सगळ्यांना.
"कोन वाचन? तूच त होती वाचनारी."

दोनची एसटी तिला मिळाली असावी,
फाट्यावर हॉर्न ऐकू आला.

वहीत लिहिलं: क्रमांक सतरा, वगळले.
पुढे कारणाचा रकाना, दीड इंचाचा.
पडद्याबाहेर अठरावी खोकते आहे.