तळातली ओळ

तुर्भे स्टोअरच्या पालिका शाळेत
सहा मीटर मोजून मी खडूची रेघ मारली
आणि भिंतीवर तक्ता टांगला.
रेघेवर पाय. एक डोळा झाक. वाच.
बत्तीस पोरं झाली.
तेहतिसावी कस्तुरा धोत्रे, इयत्ता तिसरी,
पुढच्या मुलीच्या फ्रॉकचा बंद धरून आली.

वाचलं तिने धडाधडा.
ग. म र. ल ट प.
अगदी तळातली ओळसुद्धा,
जी चष्मा काढला तर मलाही दिसत नाही.
मी रजिस्टरात खूण केली.
मागून बाई म्हणाल्या,
फळ्यावरचं उतरवून घेत नाही हो ही, भारी आळशी.

आवाज न करता मी तक्ता खिळ्यावरून काढला.
म्हटलं, परत वाच.
मोकळ्या भिंतीकडे तोंड करून
तिने परत वाचलं.
ग. म र. ल ट प.
बत्तीस तोंडांतून ऐकलेलं,
एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

कुणीतरी हसलं.

आई खाणीवरून आली, भुवयांवर दगडाची पूड.
दोन वर्षांपूर्वी कपची उडाली, उजव्या डोळ्यात.
कुणी मध सांगितला, कुणी कांद्याचा रस,
मेडिकलवाल्याने बाटली दिली, तीच वर्षभर.
मग डावाही, हळूहळू,
बहिणीच्या मागे बहीण निघावी तसा.
"विचारलं की दिसतंय म्हणायची हो."
पहिल्याच दिवशी आणली असती तर –
हे वाक्य मी तिच्यासमोर गिळलं.
नंतर घणसोलीत, दिघ्यात, रबाळ्याच्या नाक्यावर
माईक नसताना ओरडून ओरडून सांगितलं:
मध नको, रस नको, चोळू नका, आजच्या आज या.

कस्तुरा आता ब्रेलच्या पाटीवर
उजवीकडून डावीकडे टोचत जाते.
कागद उलटला की बोटाखाली सगळं सुलट.
आईने तो टकटक आवाज ऐकला,
म्हणाली, ही तर आमचीच टाकी.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
राहू दे ते.
तिला कुठे देव व्हायचंय,
चौथीचं गणित सुटत नाहीये तिला
आणि पाटीवर बाकीची पोरं बसतात म्हणून भांडायचंय.

मी भेटलो की आवाजावरून ओळखते.
दर वेळी एकच विचारते:
सर, तळातली ओळ
बरोबर होती ना?

होती गं.
सगळ्या शाळेत तुझीच.