शेऱ्याचा रकाना

वांकोडा तळ्याचं दप्तर
वडोदऱ्यात, कचेरीच्या मागच्या खोलीत, फडक्यात बांधलेलं.
मी मागवलं ते पक्ष्यांसाठी.
वहीत पक्षी नव्हते.
तारीख, पातळी, झडप किती इंच, सही,
आणि कडेला अरुंद रकाना : शेरा.

कारकून त्र्यंबक सुळे.
देवनागरीलाही मोडीचं वळण, टाक दाबून चालवलेला.
दीड वर्ष नुसतं
निरंक. निरंक. निरंक.
मग पौषात :
"चार पाहुणे, बंदुकांसह. बदकं एकशे सात. मोजणी मी केली."
तळ्याची पहिली पक्षीगणना ती,
मेलेल्यांची.

त्याच सालच्या श्रावणात :
"आवक झडपेचा स्क्रू गंजला. कालव्याचं पाणी तळ्यात घेता येत नाही.
दुरुस्तीस एकवीस दिवस."
पुढल्या श्रावणात पुन्हा गंजला.
त्याच्या पुढल्याही.
एकोणीस श्रावण,
एकच स्क्रू.

"घरटं तिथे होतं," चीमन तडवी बोट दाखवतो,
त्याचा आजा रायसिंग, झडपेची चावी त्याच्या करगोट्याला.
"वीतभर पाणी चढलं असतं
तर सारसची अंडी गेली असती, भाई.
सुळेसाहेब रोज काठी रोवून बघायचे.
आजा म्हणायचा, ए तो आपणा महेमान छे."

खाली भाताला पाण्याची पाळी चुकायची.
शिवाभाई पाटीदाराचा तक्रार अर्ज
टाचणीसकट वहीत आहे.
चौथ्या वर्षी सारसांच्या जोडीने
त्याच्याच बांधाशी काड्या रचल्या.
अर्ज मागे घेतल्याची नोंद.
कारण दिलेलं नाही.

बंदुका कधी थांबल्या ते वहीत सापडत नाही.
एका पौषात फक्त एवढंच :
"पाहुणे आले. गाव काठावर बसून होतं. पाहुणे गेले."

आता तिथे पाटी आहे, मनोरा आहे, तिकीट आहे,
हिवाळ्यात कादंब हंस
हिमालय ओलांडून येतात नि चिखलात भांडतात,
टिबुकल्या बुडतात, भलतीकडेच वर येतात.
पाटीवर स्थापनेचं साल आहे,
सुळे निवृत्त झाले त्यानंतरचं.

वहीच्या पाठीमागे पुठ्ठ्याच्या खिशात
तेलकट कागदाची पुडी :
वरच्या साहेबाने वैतागून पाठवलेला नवा स्क्रू.
सुतळीची गाठ तशीच.
सोडून पाहिला.
गंजाचा ठिपका नाही.

झडप आता मोटारीवर चालते.
मग श्रावणात काय करता? मी चीमनला विचारलं.
तो पाण्याकडे बघत राहिला.
"श्रावणात ना," म्हणाला,
"लाइट जाते."