परत आल्याची स्थिती

केप्याच्या बाजारावर, सुक्या बांगड्यांच्या वासाच्याही वर
एक खोली आहे. तिला आम्ही परिषद म्हणतो.
दोन कपाटं, एक पंखा,
आणि माझ्या हातची लांब वही:
काय नेलं, कोणी नेलं, कधी आणलं,
शेवटचा रकाना – परत आल्याची स्थिती.

पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले
म्हणून खजिनदारी माझ्या गळ्यात पडली.
पैसा थोडा. पणजीहून चेक निघतो तोवर
शिगमा होऊन गेलेला असतो.
त्यापेक्षा वस्तू बऱ्या, त्या कपाटातून लगेच निघतात.

बाळ्ळीच्या नाट्यमंडळाला राजवाड्याचा पडदा:
परत आला तेव्हा डाव्या खांबाला ठिगळ,
कोणाच्या तरी जुन्या लुगड्याचं, टाके इतके बारीक
की राजवाड्यात आता कोणी राहतं असं वाटतं.
कायतान फुर्तादोच्या तियात्राला दोन माईक:
एक परत आला. दुसऱ्याच्या बदली
अर्धा फणस आणि "उद्या आणतो, पात्रांव."
आरती मंडळाला तीन घुमटं.
घोरपडीचं कातडं आता चालत नाही, बोकडाचं लावलं.
म्हातारा दत्ताराम थाप मारतो, कान लावतो, मान हलवतो,
ती होकाराची की नकाराची, हे मला आजवर कळलेलं नाही.

सुकांती वेळीप आली ती काजूच्या हंगामात,
बोटं चिकानं काळी पडलेली.
फुगडीचा गट. अकरा जणी.
नोंदणी क्रमांक? नाही.
बँकेत खातं? "माझं आहे. त्यात काही नाही."
संस्थेचं उद्दिष्ट?
ती बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली.
"लिहा, भांडी झाल्यावर तासभर."

रक्कम किती हवी?
रक्कम नको. मांडावर एक दिवा हवा.
परवा घुमता घुमता रोहिदिनीचा पाय
मण्यारीवर पडता पडता राहिला.

सभेत वाद झाला. वकील करमली म्हणाले,
नोंदणीशिवाय देणं नियमात बसत नाही.
मी म्हटलं, दिवा बसतो. खांबावर.
कोणी हसलं. ठराव झाला नाही, चहा आला.
चहा पिताना कोणीच नको म्हणालं नाही,
तेवढ्या बळावर मी वहीत लिहिलं:
रंगमंच साहित्य. बल्ब एक.
वायर चाळीस मीटर, सुकांतीच्या भावाच्या ओटीपासून.

पुढच्या मार्चअखेरीला पणजीचा तपासनीस आला,
पानं उलटत उलटत थांबला.
बल्ब परत आलेला दिसत नाही.
मी म्हटलं, पाहून सांगतो.

रात्री स्कूटरनं चढ चढलो.
शेवटच्या वळणावरूनच दिसला,
माडांच्या मधे टांगलेला, पाखरांनी घेरलेला.
खाली अकराच्या सतरा झालेल्या,
दगडांवर बसून पानाला चुना लावणाऱ्या सासवा
आणि मधे सुकांती, कोणावर तरी ओरडत,
"पाय बघ गो, पाय! आभाळ मागाहून!"
मग सतरा जणींचा श्वास एकदम तोंडातून फुटला,
फू, फू, फू,
चुलीत विस्तव नव्यानं पेटवावा तसा.

मी स्कूटर बंद केली. उजेड जिथे संपत होता
त्याच्या दोन पावलं अलीकडे उभा राहिलो,
खजिनदारानं उभं राहावं तिथे.
कोणी पाहिलं नाही. डास मात्र चावले.

घरी येऊन वही उघडली.
परत आल्याची स्थिती: चालू.

तपासनीस म्हणाला, हे उत्तर होत नाही.
त्यानं शब्दाभोवती लाल गोल केला.
तो गोल अजून तिथेच आहे,
कायतानच्या माईकच्या बरोबर खाली.