कॅनडा कॉर्नरवरून पुढे

अर्मांदो माझा भाडेकरू. वय एकेचाळीस,
गाव बेइरा, देश मोझांबिक.
ठिबक शिकायला आलाय नाशकात,
आणि कॉलेजने लेखी कळवलंय :
सहा महिन्यांत इंग्रजी सुधारा, नाहीतर पुढचं सत्र विसरा.
कागद त्याने माझ्यापुढे धरला,
फ्यूज उडाला की हाक मारतो त्याच चेहऱ्याने.
माझं इंग्रजी बँकेच्या स्लिपपुरतं.
तरी स्कूटर काढली.

पहिला क्लास कॅनडा कॉर्नरला.
"कनादा?" त्याने पाटी वाचून विचारलं.
म्हटलं, नाही रे बाबा, नुसताच कॉर्नर.
काउंटरवरचा मुलगा बॅच, फी, हप्ते
सगळं मला सांगत राहिला,
जणू मी कुकर आणलाय दुरुस्तीला.

दुसरा कॉलेज रोडला. बारावीची पोरं,
बाकाखाली ह्याचे गुडघे मावेनात.
सर म्हणाले, ॲक्सेंट काढून टाकू.
अर्मांदोने गालावर हात ठेवला,
दाढ काढणार म्हटल्यासारखा.

तिसऱ्या ठिकाणी डेमो होता.
जो उठून नाव सांगेल त्याच्यासाठी टाळ्या.
ह्यानेही नाव सांगितलं. टाळ्या पडल्या.
जिना उतरताना स्वतःशीच काही पुटपुटला,
भाषा कळली नाही, सूर कळला.

रसाच्या गाड्यावर थांबलो. सीट तापलेली.
तुम्ही दोघं बोलता तरी कसे, बिल्डिंगमधले विचारतात.
पहिल्या आठवड्यात त्याने मोरीत बोट दाखवलं : बाल्द.
मी म्हटलं, बालदी.
तो : साबांव. मी : साबण.
मग चावी, मेज, कोबी, काजू, पाव,
आणि पगार, जो दोघांनाही पुरत नाही.
कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरवलेलं
आणि न्यायचं विसरलेलं सामान
आम्ही ओट्यापाशी उभे राहून मोजत होतो.
बटाट्याला तर दोघांनी एकदमच हात घातला.
पण बटाट्यावर परीक्षा नसते.

चौथा क्लास शरणपूर रोडच्या आत, गिरणीच्या वर.
बोर्ड नाही, पुठ्ठा. पायऱ्यांवर पिठाचे ठसे.
मकासरे बाई, निवृत्त, चष्म्याला काळी दोरी.
फॉर्ममध्ये मातृभाषेपुढे त्याने लिहिलं : सेना.
"लष्करात होतात?" बाईंनी विचारलं.
तो हसला. त्या दिवसातला पहिल्यांदा.
"मदर," म्हणाला. "माय मदर, सेना."
पोर्तुगीज म्हणताना हाताने छडी करून दाखवली.
बाजारात अजून एक बोलतो, तिचं नाव लिहायला
रकान्यात जागा उरली नव्हती.
बाई म्हणाल्या, समासात लिहा की. कागद आपलाच आहे.

मी घरून एक प्रश्न पाठ करून आणला होता :
कुणी बोललंच नाही, तर काय करता?
"थांबते."
किती वेळ?
खाली गिरणी सुरू झाली, फरशी थरथरायला लागली.
"गिरणी थांबेपर्यंत," बाई म्हणाल्या,
आणि खरंच थांबल्या.
अर्मांदोचे ओठ हलत होते.
कुणाचं जोंधळ्याचं दळण होतं, बराच वेळ चाललं.
मग तो पायांकडे बघत म्हणाला,
"द फ्लोअर... द फ्लोअर इज अफ्रेड."

बाईंनी दुरुस्त केलं नाही.
खडू घेतला, वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं,
खाली त्याचं नाव घातलं.
फी किती, हे मी विचारलं ते त्यानंतर.

परतताना मागे बसून तो तेच म्हणत होता,
सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघेपर्यंत.
बॅच सात ते साडेआठ. म्हणजे घरी यायला नऊ,
आणि मी साडेआठलाच दार लावते.
रविवार कारंज्यापाशी दुसरी चावी करायला टाकली आहे.
गुरुवारी मिळेल.