ज्येष्ठांचा वर्ग

मोटेलच्या बाईने विचारलं, "कुत्रा लहान आहे ना?"
मी म्हटलं, "बुटका आहे."
खोटं नव्हतं ते.
चौऱ्याहत्तर पौंडांचा ऐवज मागच्या दाराने आत घेतला,
घरून आणलेली जुनी चादर अंथरली.
तो चादर सोडून गालिच्यावर झोपला.

कागदोपत्री त्याचं नाव इतकं लांब
की ते उच्चारेपर्यंत त्याची एक डुलकी होते.
घरी तो टर्निप. पांढरा, जड, जमिनीलगतचा,
एका कानावर लिंबाच्या सालीएवढा डाग.

इंडियानातल्या या जत्रेच्या मैदानावर,
एरवी जिथे डुकरांचे लिलाव होतात त्या शेडमध्ये,
ऑक्टोबरचा एक आठवडा आम्ही क्लंबर स्पॅनियलवाले जमतो.
नव्वदेक कुत्री, आणि मागे फडकी घेऊन फिरणारी माणसं.
लाळेची इथे कुणालाच लाज नाही.

मंगळवारी आज्ञापालन. तीन मिनिटं पडून राहायचं.
आमचा पडला तो घोरायलाच लागला.
हाक एकदाच मारता येते, नियम आहे.
मी मारली. त्याने एक डोळा उघडला,
आपला थांबा अजून यायचाय, असा परत मिटला.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
न उठणाऱ्या पोरांवर मला रागावता येत नाही.

पण गुरुवार वेगळा.
गुरुवारी ज्येष्ठांचा वर्ग, आणि मला जिंकायचं होतं.
सांगून टाकते.
सहा वर्षं, वर्ग कुठलाही असो,
ग्वेंडा प्रुइटचा सेनेटर पुढे
आणि आम्ही त्याच्या शेपटीमागे.
सहा वर्षं ती टर्निपकडे बघून काही ना काही सुचवायची:
पंजे, पाठ, एकदा तर माझे बूट.
माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या,
आणि घरी जाऊन मी ती म्हणेल तसंच करायचे.

मार्चमध्ये सेनेटर गेला.
कळलं तेव्हा आधी हळहळले,
मग भांडी घासता घासता मनात आलं,
म्हणजे यंदा पहिला नंबर मोकळा.
हे कुणाला बोलले नाही. टर्निपलाही नाही.

ती आली तरीही. कुत्र्याशिवाय.
फाटकाजवळ घडीच्या खुर्चीत, कोटाच्या खिशात हात.

परीक्षक हॉलंडचा, लांब बोटांचा.
बाकीचे तिघे त्याच्याकडे टक लावून उभे.
माझा कुत्रा लाळ गाळतो,
पण लाळघोटेपणा त्याला कधी जमला नाही.
"जाऊन या," परीक्षक म्हणाला, आणि निघालो.
काय चालला म्हणून सांगू!
भरल्या होडीसारखा डुलत, पण सरळ रेषेत,
दहावं वर्ष कुठल्या कुठे.
रिबनीसाठी मी मनात खिळासुद्धा ठोकला.

फाटकापाशी हातातली दोरी सैल पडली.
तो थांबला होता,
ग्वेंडाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून.
खिशात लिव्हरचे तुकडे असणार, मी म्हटलं.
तिने हात बाहेर काढला.
गुंडाळलेला पट्टा होता. हिरवा.
टर्निपने तो हुंगला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सावकाश, हजेरी घेतल्यासारखा.

परीक्षक थांबला. बाहेर कुणाचा तरी जनरेटर
तेवढा घरघरत होता.
दोरी ओढायला हवी होती. ओढली नाही.
यात माझा मोठेपणा नाही, हात उचललाच नाही.

चौथा नंबर. चारच होते.

ग्वेंडा व्हॅनपर्यंत आली, त्याचा कान हातात धरून,
काही न बोलता.
आता रडेल असं वाटलं, मीही तयारीत होते.
वाकून तिने त्याचा पुढचा पंजा उचलला.
"इथले केस अजून वेडेवाकडेच कापतेस," म्हणाली,
पर्समधून कात्री काढली
आणि पार्किंगच्या खडीवर गुडघे टेकून बसली.

तिच्या नीट विंचरलेल्या केसांवर
टर्निपच्या ओठातून एक लांब, चकाकती तार उतरत होती.
मी सांगितलं नाही.