माशांसाठी माश्या

अठरा नंबरचा गळ, भाताच्या शितापेक्षा लहान.
पकडीत बसवायचा. दोऱ्याचे सात वेढे,
कोंबड्याच्या मानेचं एक पीस, सशाच्या कानामागची लव,
आणि शेवटची गाठ श्वास रोखून.
एल्डननं शिकवलं. त्याचे हात आता कापतात,
म्हणून तो नुसता बघतो, म्हणतो,
शेपटी लांब झाली.

दिवसभर मी इस्पितळाच्या लॅबमध्ये
रक्ताच्या काचपट्ट्या वाचते.
पांढऱ्या पेशी मोजणारी नजर, चिमट्याची सवय,
हे सगळं संध्याकाळी सातनंतर
बिटररूट नदीतल्या ट्राउटना फसवायच्या कामी येतं.
माशांसाठी माश्या.
हा विनोद या अख्ख्या गावात मला एकटीला कळतो.

नॉर्मा स्कोफील्डच्या दुकानात
रबरी बुटांच्या रांगेपलीकडे काचेचं कपाट आहे.
तिनं माझी एक माशी भिंगाखाली धरली, उलटी केली.
डझनाला तीस डॉलर, म्हणाली. जूनपर्यंत चाळीस डझन.
गळच घातली तिनं.
मी म्हटलं, विचारून सांगते.
कुणाला विचारणार, हे तिला कळेना.
तिच्या आजोबांनी या काठावर दुकान थाटलं
तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

वकील फोनवर. पंधरा मिनिटांचे नव्वद डॉलर.
छंद ठेवा, म्हणाला. विकू नका.
एक विकली तर?
एकही नाही.
भेट देऊ?
द्या की.
आणि भेटीच्या बदल्यात कुणी काही दिलं तर?
म्हणजे काय?
म्हणजे अंडी. म्हणजे माझ्या दारापुढचा बर्फ उपसून देणं.
त्यानं सुस्कारा टाकला,
तोही बहुधा त्या नव्वदातच धरलेला.

चाळीस गुणिले तीस. करू नये तो हिशेब
भांडी घासताना आपोआप होतो.
बाराशे. म्हणजे आईचे दोन्ही मोतीबिंदू,
किंवा गाडीची चार हिवाळी टायरं,
किंवा काहीच नाही, नुसते बाराशे,
साहेबानं न दिलेले,
ज्यांच्यावर माझ्याशिवाय कुणाची सही नाही.

मेफ्लाय पाण्याखाली वर्ष काढते,
मग तिला पंख फुटतात, ती वर येते
आणि तिला तोंड नसतं.
असतं म्हणे नावापुरतं, पण खाता येत नाही.
एखादा दिवस उडायचं, संपलं.
एल्डन हे सांगत होता तेव्हा मी तिचीच शेपटी बांधत होते.
क्षणभर वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.
पण मला तोंड आहे. नेमून दिलेल्या ताटात
मी पोटभर जेवते. खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये दाराच्या कडीला पिशवी.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्राउट. चिठ्ठी नाही.
ही मजुरी की शेजारधर्म?
फोन उचलला, नव्वद डॉलर आठवले, ठेवला.
शेवटची आठ तिरफळं ठेचून कालवण केलं,
ओरपलं, काटे चोखून चोखून टाकले.
पुरावा उरला नाही.

आता अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत
चारशे ऐंशी माश्या आहेत.
मोजून केल्या नव्हत्या.
केल्या होत्या.
नॉर्माच्या कपाटात अजून कुणा दुसऱ्याच्याच असतात,
जरा ढिल्या बांधलेल्या.
एल्डनला मी एक खोकं दिलं, तसंच.

रविवारी त्याचा नातू काठावरून ओरडला,
केवढा मोठा होता! दोरा तोडून गेला, माशीसकट!
गेले अडीच डॉलर, एल्डन म्हणाला,
मग माझ्याकडे बघून गप्प झाला,
टोपी काढून उगीच झटकू लागला.

पाणी हिरवं, वितळल्या बर्फाचं.
त्यात खाली कुठेतरी, एका ओठात,
माझी गाठ आहे.
सुटायची नाही.
शेवटचा वेढा मी दोनदा घेते.