मागचा एसी

"मागं कोण बसतं?" दस्तगीरनं विचारलं,
सुमोच्या छताचं कापड सोलता सोलता.
अक्कलकोट रोड, दुपारचे तीन,
पान्याला हात लावायचा तर फडकं गुंडाळून.

मागं मी बसायचे.
धाकट्या जावेची जागा, आडव्या बाकावर,
मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी डबे.
पुढं सासरे, मधे मोठ्या जाऊबाई,
एसी त्यांच्यापर्यंत यायचा, तिथंच संपायचा.
होटगी ओलांडेपर्यंत ओला नॅपकिन कडक व्हायचा.
कुणी मुद्दाम केलं असं नाही.
गाडीच तशी होती.

भावजींनी नवी घेतली, ही माझ्याकडं आली,
भाकरी पोचवायला बरी म्हणून.
आता स्टिअरिंग माझं. गार झोत थेट तोंडावर.

दस्तगीर सांगत होता: दुसरी कॉइल छतात,
गॅसचा पाइप खालून, चॅसिसच्या कडेनं,
पाणी जायला तळाला एक भोक.
"कॉम्प्रेसर एकच हाय, ताई. जुना हाय.
मागं दिलं की पुढं कमी पडणार.
चालंल का?"
म्हटलं, बसव.
सव्वीस हजार म्हणाला, चोवीसवर आला,
दोन दिवसांच्या कामाला पाच लावले,
आणि छताचं कापड एका कोपऱ्यात अजून लोंबतंय.

पहिल्या रात्री नागव्वा, अंबूबाई, शमशादची सून,
दिवसभर तव्यापुढं भाजलेल्या,
मागं चढल्या. बटण दाबलं.
आधी धूळ आली, मग जळका वास, मग गार.
कुणी बोलेना.
अंबूबाईनं मानेवरचा पदर सोडला.
नागव्वा सवयीनं काच खाली करायला लागली,
"वारं नको का?" म्हणाली, नि स्वतःच हसली.
शमशादची सून विजापूर वेशीपर्यंत झोपली,
तोंड उघडं, चपला हातात.

माझ्या पाठीला सीट चिकटलं होतं.
खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं
मागचं जरा कमी करावं.

नागव्वाच्या दारात गाडी थांबली
तर खालून थेंब थेंब गळतंय.
"फुटली गं तुझी गाडी!"
मग कळलं, गारव्याचं पाणी.
ती आत गेली, तेलाचा रिकामा डबा घेऊन आली,
वाकून भोकाखाली सरकवला.
"नळाला आज पाचवा दिवस," म्हणाली,
"थांब थोडी. इंजिन बंद करू नको."